इन्कामीप सेलर्स, ओसोयूस: आधी माळ बघा, मग ग्लास उचला

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अगदी दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेपासून गाडीने काही मिनिटांवर, ओसोयूस हे तळ्याकाठचं छोटं गाव आहे. तळ्याच्या पूर्वेच्या चढावर इन्कामीप सेलर्स ही वाइनरी आहे. २००२ साली ती सुरू झाली ती उत्तर अमेरिकेतली मूलनिवासींच्या मालकीची पहिली वाइनरी म्हणून. ही जमीन ओसोयूस इंडियन बँड या समाजाची, आणि तो सील्क्स ओकानागन लोकांपैकी एक. बाटलीवरचं इंग्रजी स्पेलिंग उच्चाराला अवघड दिसतं, पण काउंटरवर ‘इन्कामीप’ म्हटलं की काम होतं.

मत आधीच सांगून टाकतो. वाइन चांगली आहे, रीसलिंग ही पांढरी आणि सिरा ही लाल तर विशेष. पण तेवढ्यासाठी व्हँकुव्हरहून चारशे किलोमीटर गाडी हाकायची गरज नाही. चार-पाच बाटल्या शहरातल्या दुकानातही मिळतात. इथे यायचं ते बाग, तिच्याशेजारी मुद्दाम राखलेला उजाड माळ आणि दोन्हींचा मालक असलेला समाज हे सगळं एका जागी बघायला. जमिनीची राखण हा शब्द हल्ली प्रत्येक वाइनरीच्या माहितीपत्रकात असतो. इथे ती राखण किती खरी आणि कुठे अपुरी, हे पायी फिरून तपासता येतं.

पहिला मुद्दा जमिनीच्या कायद्याचा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. बँडच्या ताब्यात सुमारे ३२ हजार एकरांचं राखीव क्षेत्र आहे, ओसोयूस आणि उत्तरेकडच्या ऑलिव्हर गावाच्या मधल्या पट्ट्यात. कॅनडाच्या इंडियन अ‍ॅक्टप्रमाणे राखीव जमिनीची मूळ मालकी सरकारकडे आणि वापराचा हक्क समाजाकडे असतो. ती बाहेरच्या माणसाला विकता येत नाही आणि बँकेकडे सरळ गहाणही ठेवता येत नाही. म्हणजे शेतकरी सातबाऱ्यावर बोजा चढवून कर्ज उचलतो तसं इथे होत नाही. मग भांडवल आणायचं कुठून? बँडने दोन वाटा काढल्या. एक, जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, म्हणजे मुदत संपली की जमीन परत आपली. दुसरी, मोठ्या कंपनीबरोबर भागीदारी करायची, पण वरचढ हिस्सा आपला ठेवायचा. वाइनरी उभी राहिली तेव्हा बँडचे ५१ टक्के आणि व्हिंकॉर या कंपनीचे ४९ टक्के असा करार होता. या धोरणामागे १९८०च्या दशकाच्या मध्यात प्रमुख झालेले क्लॅरन्स लुई यांचा मोठा हात आहे, आणि बँडची विकास संस्था १९८८ सालची. द्राक्षं मात्र त्याही आधीची. ऑलिव्हरजवळ राखीव क्षेत्रातच इन्कामीप व्हिनयार्ड्सची लागवड १९६८ साली झाली, आणि पुढची कित्येक वर्षं तिथला माल दुसऱ्यांच्या वाइनरींना जात राहिला. म्हणजे ज्यांची बाग, त्यांचं नाव बाटलीवर यायला ३४ वर्षं गेली.

नाशिककरांना हे वाचताना दिंडोरी आठवावी. त्या तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, भाडेपट्ट्यानेसुद्धा नाही. फरक एवढाच की आपल्याकडे खातेदार एकटा असतो. ओसोयूसला समाज एक गट म्हणून वाटाघाटीला बसतो, आणि कुठल्या तुकड्यावर नांगर चालेल हे गट ठरवतो.

आता बाग. तळ्यावरच्या चढातली सपाट पायरी म्हणजे इथला ‘बाक’. बाकावरची माती वाळूची, हिमनद्यांनी आणून टाकलेली, सेंद्रिय अंश कमी. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून ३०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. उन्हाळ्यात पारा ३८-४०ला टेकतो, हिवाळ्यात उणे २०च्याही खाली जाऊ शकतो. अक्षांश ४९, त्यामुळे जून-जुलैत दिवस सोळा तासांचा. म्हणूनच थंड देश असूनही मेर्लो, कॅबर्ने आणि सिरा या काळ्या द्राक्षांच्या जाती इथे पिकतात. हवा कोरडी असल्याने डाऊनी या ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीचा त्रास जवळपास नाही. नाशिकला ज्यांना दर पावसाबरोबर डाऊनीची फवारणी काढावी लागते त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. इथला मुख्य रोग भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. ती ओलाव्यावाचूनही वाढते, म्हणून गंधक वेळेवर मारणं आणि घडाभोवतीची पानं काढून हवा खेळती ठेवणं हीच खरी कामं. पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढायची. दुपारच्या बाजूची काढली तर मणी भाजतात, विशेषतः काळ्या जातींचे.

किडींत तुडतुडे, मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि वसंतात रात्री वेलावर चढून फुगलेले डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, खाणाऱ्या अळ्या. मिलीबगचं थेट नुकसान थोडं, खरी भीती ती पसरवत असलेल्या लीफरोल विषाणूची. त्याने काळ्या जातींची पानं शरदात लाल होऊन कडा खाली वळतात, साखर भरत नाही आणि त्याला औषध नाही, वेल उपटणं एवढाच इलाज. तुडतुड्यांवर अंडी खाणारी बारीक परजीवी माशी काम करते. ती हिवाळा बागेबाहेरच्या जंगली झुडपांवर काढते. बांधावरचं रान साफ केलं की आपला फुकटचा मजूर आपणच हाकलून देतो. बागेशेजारी माळ राखण्याचा हा शेतकऱ्याच्या हिशेबातला फायदा.

पाणी ठिबकनेच. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून एकदम भरपूर देण्याऐवजी थोडं थोडं आणि वरचेवर द्यावं लागतं. फळधारणेनंतर काळ्या जातींना मुद्दाम ताण देतात, शेंड्याची वाढ थांबली की मणी लहान राहतात आणि साल जाड होते. ताण जास्त झाला तर खालची पानं पिवळी पडून गळतात आणि उघडा पडलेला घड उन्हात करपतो. वाळवंटी बागेत या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद असते.

सगळ्यात मोठं संकट थंडीचं. ओसोयूस ज्यात येतं त्या ओकानागन खोऱ्यात जानेवारी २०२४ मध्ये जी लाट आली तिने डोळे मारले, पुष्कळ ठिकाणी खोडंही फुटली, आणि त्या साली खोऱ्याचं द्राक्षपीक जवळपास पूर्ण गेलं. त्याआधी डिसेंबर २०२२चा तडाखा बसलेलाच होता. बागांमध्ये उंच खांबांवर पंखे दिसतात ते दव-गोठणीच्या शांत रात्रींसाठी. जमिनीलगत गार आणि वर थोडी उबदार हवा असेल तर पंखा ती खाली ओढतो. ध्रुवाकडून वाऱ्यासकट थंडी उतरली की वरचीही हवा तेवढीच गार असते, आणि पंखा काहीच करू शकत नाही. अशा लाटेनंतर बागायतदार काडी आणून ब्लेडने डोळा आडवा चिरतात. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी तर मेलेला. मुख्य डोळा गेला तरी शेजारचा दुय्यम डोळा जगला असेल तर थोडं पीक मिळतं, म्हणून छाटणी उशिरा आणि काड्या नेहमीपेक्षा जास्त ठेवायच्या. ऑक्टोबर छाटणीआधी सूक्ष्मघड तपासायला काडी प्रयोगशाळेत पाठवणाऱ्यांना ही पद्धत लगेच कळेल.

खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या वेलावर कलम करतात त्याचा, प्रश्नही इथे उलटा आहे. आपण डॉगरिज या खुंटावर कलम केल्याशिवाय विचारच करत नाही. ओकानागनमध्ये अनेक जुन्या बागा कलम न करता स्वमुळावर आहेत. खोड मेलं तरी मुळातून फुटणारा धुमारा त्याच जातीचा येतो आणि दोन-तीन वर्षांत वेल पुन्हा उभा राहतो. कलमी वेलाचं जोडाच्या वरचं मेलं तर खालून फुटतो तो खुंट, त्याचा उपयोग नाही. म्हणून कलमी बागेत थंडीआधी जोडावर मातीची भर चढवतात आणि वसंतात काढतात. काढायला विसरलं तर जोडाच्या वरून मुळं सुटतात आणि खुंट घेतल्याचा फायदा जातो. दुसरीकडे स्वमुळावरच्या बागेला फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीचा धोका आहेच. दोन्हीपैकी एक धोका पत्करावा लागतो.

वाइनरीच्या शेजारीच इन्कामीप डेझर्ट कल्चरल सेंटर आहे, २००६ साली सुरू झालेलं. आमच्या मते सगळ्या परिसरातलं हे सर्वोत्तम ठिकाण, आणि टेस्टिंगच्या आधी इथेच जावं. इमारत अर्धी जमिनीत बसवलेली, छतावर माती आणि झुडपं, त्यामुळे डोंगरावरून पाहताना ती माळातच मिसळते. समोरची भिंत ८० मीटर लांब, साडेपाच मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड, तिथल्याच मातीत थोडं सिमेंट आणि रंग मिसळून थरावर थर ठोकून बनवलेली. जवळ उभं राहिलं की तांबूस, पिवळट, करड्या रेघा वेगवेगळ्या दिसतात, आणि थर कुठे दाबला गेला कुठे सैल राहिला तेही बोटाने कळतं. एवढ्या जाडीमुळे दिवसाची उष्णता आत पोचायला रात्र होते. बाहेर वर्जिल ‘स्मोकर’ मार्चंड यांनी पत्र्यातून कापलेली माणसं आणि प्राणी उभे आहेत, तेही बघण्यासारखे. इथल्या शाळेतल्या मुलांनी १९३२ ते १९४२ या काळात अँथनी वॉल्श या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने चित्रं काढली. सरकारी धोरण मुलांची भाषा आणि चालीरीती पुसायला निघालेलं असताना त्या मुलांनी आपल्याच गोष्टी आणि आपलेच प्राणी रंगवले, आणि ती चित्रं लंडनपर्यंत गाजली. त्यांची माहिती घेऊन मगच पुढे जा.

केंद्रामागच्या पायवाटा माळातून जातात. इथलं मुख्य झुडूप अँटिलोप ब्रश, कमरेएवढं किंवा थोडं उंच, वेडंवाकडं, मे महिन्यात पिवळ्या बारीक फुलांनी भरणारं. या झुडपाचा माळ कॅनडात फक्त याच खोऱ्याच्या दक्षिण भागात उरला आहे आणि मूळच्या निम्म्याहून अधिक नाहीसा झाला आहे: घरांनी, फळबागांनी आणि हो, द्राक्षबागांनी. हे स्पष्ट बोललं पाहिजे. ज्या वाळूच्या बाकावर हे झुडूप वाढतं तीच जागा मेर्लोला आवडते. बेअर्स हेअरस्ट्रीक या लहान तपकिरी फुलपाखराच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत, आणि त्यातही त्यांना जुनी, वयात आलेली झुडपं लागतात. त्यामुळे इथे तोडलं तिथे रोपं लावली ही भरपाई कामाची नाही, रोप मोठं होईपर्यंत फुलपाखरू संपलेलं असतं. आगीनंतरही हे झुडूप सहज परत येत नाही. जुलै २०२१ मध्ये इन्कामीप ओढ्याच्या परिसरातल्या वणव्यात सुमारे १९ हजार हेक्टर जळालं, ते नुकसान या अंगानेही मोजावं लागेल. वाइनवाल्यांची त्या वर्षीची काळजी वेगळी होती. धुरातले घटक द्राक्षाच्या सालीत शिरून साखरेला चिकटतात, रसात वास येत नाही आणि आंबवणीनंतर किंवा बाटलीत राखेची चव बाहेर पडते. म्हणून २०२१ची लाल वाइन चाखताना घोट गिळल्यावर मिनिटभर थांबा, राख असली तर ती शेवटी जिभेवर येते.

रॅटल स्नेक या शेपटीने खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाचा अभ्यास हे राखणीचं सगळ्यात ठोस काम. २००२पासून इथले साप पकडून, मोजून, त्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप घालून सोडले जातात, काहींच्या अंगात रेडिओ यंत्रही बसवतात. त्यावरून साप कुठल्या बिळात थंडी काढतात, उन्हाळ्यात किती लांब जातात आणि रस्ता कुठे ओलांडताना मरतात हे कळतं. हे साप वर्षानुवर्षं त्याच बिळावर परततात आणि मादी दरवर्षी वीत नाही. एक बीळ बुजलं किंवा एका हंगामात चार माद्या गाडीखाली गेल्या की तो कळप सावरायला फार वेळ लागतो. मोठ्या बांधकामाच्या बेतात असलेल्या समाजाने आधी सापांची यादी करायला घेतली, याला आम्ही पूर्ण गुण देतो. बागेच्या कामगारांनाही साप मारायचा नाही, कळवायचा आणि हलवायचा असं शिकवलं जाणं हीच या कामाची खरी कसोटी. टूरवर हा प्रश्न जरूर विचारा.

आणखी एक प्रश्न पाण्याचा. ऑलिव्हर परिसराचा जुना सिंचन कालवा पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शेती देण्यासाठी खणला गेला. त्याचं पाणी मॅकइन्टायर बंधाऱ्यापाशी वळतं, आणि त्याच बंधाऱ्याने समुद्रातून वर येणाऱ्या सॉकआय सामनची वाट अनेक दशकं अडवली होती. २००९ साली बंधाऱ्यात बदल करून मासे वर सोडण्यात आले. त्यामागे ओकानागन नेशन अलायन्स या सील्क्स समाजांच्या संघटनेची वर्षानुवर्षांची खटपट होती, आणि २०१४मध्ये त्यांची पेंटिक्टनला अंडी उबवणीही सुरू झाली. अस्वल, सामन, कंद आणि बेरी या चौघांना सील्क्स लोक अन्नाचे प्रमुख मानतात. तिथल्या ताटात सामन दिसला तर तो या लढ्यातून आलेला आहे हे माहीत असावं.

आता ग्लासाकडे. टेस्टिंगचा क्रम हलक्याकडून जड असा: ड्रीमकॅचर हे पांढरं मिश्रण, मग रीसलिंग, शार्डने, पिनो न्वार, मेर्लो, सिरा आणि शेवटी आइसवाइन. रोजच्या मालिकेपेक्षा ‘क्वेम क्वेम्ट’ नावाची राखीव मालिका वेगळी आहे, आणि पैसे द्यायचेच तर तिच्यातल्या सिराला द्या. मिरीचा तिखटपणा आणि पिकल्या काळ्या फळाचा गोडवा यांचा तोल तिच्यात सापडतो. मटणाच्या सुक्क्याबरोबर ती छान जाते. ‘मेरीम’ हे फ्रान्समधल्या बोर्डो पद्धतीचं लाल मिश्रण महाग आहे, लगेच उघडलं तर ओकचा वास पुढे येतो, चार-पाच वर्षं ठेवायची तयारी असेल तरच घ्या. रीसलिंग आंबट-करकरीत, थालीपीठ-लोणी किंवा कोळंबीला योग्य. पिनो न्वार आम्हाला त्या मानाने सपाट वाटते. दक्षिण ओकानागनची उष्णता त्या जातीला झेपत नाही, असंच आमचं मत आहे.

रीसलिंग आइसवाइन ही खास खरेदी. कॅनडात आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच उणे ८ अंशांना किंवा त्याहून थंडीत गोठलेली असावी लागतात, आणि रसाची साखर किमान ३५ ब्रिक्स (साखर मोजण्याचं माप). तोडणी बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि दाबणीही गोठलेल्या अवस्थेतच, कारण मणी वितळले की बर्फाचं पाणी रसात उतरतं. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, साखर-आम्लाचा दाट रस तेवढा गळतो, तोही नेहमीच्या उताऱ्याच्या छोट्या हिश्श्याएवढा. थंडी उशिरा पडली तर तोपर्यंत पक्षी, कुज आणि सुकवण माल खातात. किंमत तिथून येते. ६ ते ८ अंशांना थंड करून ५० मिलिलीटर पुरते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते. सोबत गोड पदार्थ नको, श्रीखंडाबरोबर दोन्ही वाया जातात. खारे काजू किंवा जुनं चीज ठेवा.

२०२४ सालची ओकानागनमधल्या कुणाचीही बाटली घेताना लेबल नीट वाचा. पीक गेल्यामुळे त्या हंगामापुरती प्रांताने बाहेरची द्राक्षं किंवा रस वापरायला परवानगी दिली होती. या भूमीची चव हवी असेल तर ‘बीसी व्हीक्यूए’ शिक्का शोधा, तो असेल तर द्राक्षं प्रांतातलीच.

जायचं कसं: व्हँकुव्हरहून होप, प्रिन्स्टन, केरेमिओस मार्गे महामार्ग ३, साडेचार ते पाच तास. डोंगरी रस्त्यावर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे. केलोनाहून सव्वाशे किलोमीटर, तो रस्ता सोपा. व्हँकुव्हरहून येताना ओसोयूसच्या पश्चिमेला ठिपक्यांचं तळं लागतं. ते सील्क्स लोकांचं पवित्र स्थान आहे. २००१मध्ये पैसे देऊन त्यांना ती जमीन परत घ्यावी लागली. कुंपणाबाहेरूनच बघा, आत उतरू नका. फोटो रस्त्यावरूनही चांगला येतो.

मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टच्या दुपारी पायवाटेवर सावली नाही, आणि सांस्कृतिक केंद्र हिवाळ्यात बंद असतं, तारखा आधी बघून घ्या. बंद बूट घाला, कानात इयरफोन नको, कारण सापाचा खुळखुळा ऐकू आला पाहिजे. आवाज आला तर जागीच थांबा, साप दिसला की सावकाश मागे सरा. चालवणाऱ्याने घोट थुंकावेत, त्यासाठी भांडं मागितलं तर कुणी वावगं मानत नाही. ब्रिटिश कोलंबियात रक्तात ०.०५ अल्कोहोल झालं की कारवाई सुरू होते, आणि १९ वर्षांखालच्यांना टेस्टिंग नाही. बाटल्या उन्हात गाडीत ठेवू नका, तासाभरात बूच वर येतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते, थर्मल पेटी सोबत न्या. भारतात येताना माणशी दोन लिटरची सवलत असते. ७५० मिलिलीटरच्या दोन आणि आइसवाइनची ३७५ची एक मिळून १.८७५ लिटर होतात. यातली एक सिरा आणि एक रीसलिंग असावी.